शीतमणीचे तीन जन्म

सुभेदारांच्या तोंडात गोळी असली की ते एक शब्द बोलत नसत, आणि गोळी विरघळली की थांबत नसत. या दोहोंमधली तिसरी अवस्था मी एकदा सोडून कधी पाहिली नाही. ते गप्प असले की दुकानदार माझ्याकडे बघायचा, आणि ते बोलू लागले की मी घड्याळाकडे बघायचो. अशा माणसाच्या हाताखाली माझी पहिली नोकरी सुरू झाली.

सुभेदार हे त्यांचं आडनाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. हुद्दा सेल्समनचा होता आणि माल होता पेपरमिंटच्या गोळ्या. पण त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, तेवढ्या पुण्याईवर बडोद्याच्या बाजाराने त्यांना ही पदवी बहाल केली होती. मिश्या त्यांनी पदवीला शोभतील अशा राखल्या होत्या. राहायचे दांडिया बाजारात, देवळामागच्या गल्लीत. गुजराती दुकानदार त्यांना 'सूबेदारकाका' म्हणत, ऑफिसात सगळे 'साहेब' म्हणत, आणि मी मनातल्या मनात काय म्हणत असे ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मी खानदेशातला, साक्रीचा. वडील मार्केट यार्डात हमाल. मी सरकारी वसतिगृहात राहून बी.कॉम. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं ते खरं, पुस्तकात छापलं ते त्याहून खरं, अशा श्रद्धेने मी शिकलो आणि त्या श्रद्धेचा मला आजही पश्चात्ताप नाही. 'शीतमणी' गोळ्यांच्या कंपनीने मला बडोद्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिन्यांनी सुभेदारांचा रिपोर्ट चांगला गेला आणि माल नीट खपला, तर नोकरी पक्की. नाहीतर साक्रीची एस.टी. ठरलेल्या दिवशी घरात पगार आणणारं माणूस आमच्याकडे त्याआधी झालं नव्हतं. धाकट्या बहिणीचं नर्सिंग माझ्या पक्कं होण्यावर अडून होतं. हे सगळं मी सुभेदारांना पहिल्याच दिवशी प्रांजळपणे सांगितलं. ते म्हणाले, "सारू, ठीक आहे. आता आ कर." आणि माझ्या तोंडात एक गोळी टाकली.

ही त्यांची पद्धत. दुकानात गेल्यावर नमस्कार-चमत्कार नाही, ऑर्डरची बात नाही. एक गोळी दुकानदाराला, एक मला, एक स्वतःला. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत दुकानात शांतता. गिऱ्हाईक आलं तर दुकानदार हातानेच 'थांब' म्हणायचा. बाकी कंपन्यांची पोरं तेवढ्या वेळात तीन दुकानं उरकून जात. मी एकदा म्हणालो, "साहेब, आपण बोलता बोलता गोळी खाल्ली तर?" त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्या तोंडात गोळी होती. संपल्यावर म्हणाले, "बघ खानदेश, माणूस गप्प बसला की त्याला चव कळते. चव कळली की ऑर्डर तो देतो, आपण मागत नाही." मला ते आयुष्यात कधी नावाने हाक मारणार नव्हते. मी 'खानदेश'च राहिलो.

गोळी चावणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, चघळणारी आणि चावणारी, असं त्यांचं मत. चावणाऱ्याला उधारीवर माल द्यायचा नाही. "ज्याला एवढीशी गोळी धीराने खाता येत नाही तो महिनाअखेरपर्यंत काय थांबणार?" एकदा अल्कापुरीकडच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकाने आमच्यासमोर कडाड् आवाज करून गोळी फोडली. सुभेदारांनी बॅग उचलली आणि ते चालू लागले. मी मागून धावत, "साहेब, मोठी ऑर्डर होती!" ते म्हणाले, "दात बघितलेस त्याचे?" ऑर्डर गेली. त्या महिन्याचा आमचा आकडा त्या दातांखाली चिरडला गेला.

त्यांच्या स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या एका स्थळाने पोहे खाल्ल्यावर शीतमणी चावली, म्हणून ते स्थळ मोडलं, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला सांगितलं. मला वाटलं काकू थट्टा करताहेत. काकू म्हणाल्या, "अरे, थट्टा कसली! इंजिनियर होता रे मुलगा!" आणि त्यांनी पोळी अशी काही तव्यावर आपटली की मी पुढे विचारलं नाही.

शीतमणीच्या तेव्हा बाजारात पाच जाती होत्या आणि पाचांबद्दल सुभेदारांची मतं ठाम होती. जुनी पांढरी ही थोरली. खडूसारखी दिसणारी, कागदाच्या नळीत एकावर एक रचलेली. तिच्याबद्दल बोलताना ते नकळत ताठ उभे राहत. हिरवी पुदिन्याची, ती चोरून सिगरेट ओढणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी. "ही गोळी नव्हे, वकील आहे." बडीशेपेची लग्नसराईसाठी, कारण "वऱ्हाडी मंडळींना काहीही चालतं." 'कडक' नावाची एक होती, ती खाल्ली की डोळ्यांतून पाणी यायचं. ती रात्रपाळीच्या ड्रायव्हरांसाठी. आणि डबीतली बिनसाखरेची. तिच्या वाटेला ते जातच नसत. डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानात मलाच आत पाठवायचे आणि स्वतः बाहेर स्कूटरवर बसायचे. "साखर काढली, मग उरलं काय? सर्दी!"

त्यांचा खरा राग सुट्ट्या पैशांवर होता. वर्षानुवर्षं दुकानदार एक-दोन रुपये सुटे नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर शीतमणी ठेवत. कंपनीचा निम्मा खप त्यावरच चाले, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण सुभेदारांना तो अपमान वाटे. समोर कोणी सुट्ट्यांऐवजी गोळी दिली की ते गिऱ्हाइकाला अडवून विचारायचे, "बहेन, तुम्हाला हवी होती का ही?" ती बिचारी नाही म्हणायची. मग ते दुकानदाराकडे वळायचे, "बघितलंस? जिला नको तिला दिलीस. कन्यादान असं करतात का?" पुढे फोनवर स्कॅन करून पैसे देणं आलं, सुट्ट्यांचा प्रश्न मिटला आणि शीतमणीचा खप धाडकन खाली आला. मी नोकरीला लागलो तो याच उतरणीवर. ऑफिसात सुतकी चेहरे आणि सुभेदार एकटे खुशीत. "आता घेईल तो मागून घेईल," असं म्हणून त्यांनी मला आईस्क्रीम खाऊ घातलं. माझ्या घशाखाली ते उतरेना.

पण या सगळ्यापेक्षा माझा जीव घेतला तो शीतमणीच्या इतिहासाने. सुभेदार प्रत्येक दुकानात गोळी विरघळल्यावर शीतमणीच्या जन्माची गोष्ट सांगत. पहिल्या आठवड्यात आम्ही फतेगंजला भरतभाईंच्या दुकानात गेलो. लष्करी वस्ती जवळ, म्हणून जवानांची तिथे कायम वर्दळ. तिथे सुभेदारांनी सांगितलं की शीतमणी एका फौजी हवालदारासाठी जन्मली. परेडच्या आधी जवानांच्या तोंडाला वास येऊ नये म्हणून एका शेठजींनी ती बनवून दिली, आणि सुभेदारांच्या पणजोबांच्या घोड्यालासुद्धा रोज एक मिळत असे. भरतभाईंनी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे, पण घोडा आला की ते मान डोलवायचे. "घोडो पण! वाह, काका."

दोन दिवसांनी दांडिया बाजारात इंदूताईंच्या पूजासाहित्याच्या दुकानात मी तीच गोष्ट पुन्हा ऐकायच्या तयारीने उभा राहिलो. सुभेदार म्हणाले, "एक कीर्तनकारबुवा होते. ऐन रंगात गळा बसला. श्रोत्यांतून एक शेठजी उठले, त्यांनी बुवांच्या हातावर पांढरी गोळी ठेवली..." मी दचकलो. हवालदार कुठे गेला? घोडा कुठे गेला? इंदूताईंनी मात्र पदर डोळ्यांना लावला. "बुवांचा आवाज परत आला हो," त्या मला म्हणाल्या, जणू त्या तिथे बसल्या होत्या.

आणि कोयलीला तिसरी. रिफायनरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रणछोडभाईंची चहाची टपरी आहे, पाळी सुटली की कामगार तिथे थांबतात. तिथे सुभेदारांनी सांगितलं की एका कामगाराच्या अंगाला तेलाचा वास यायचा, म्हणून त्याचं तान्हं पोर त्याच्याकडे जाईना. बाप हात पुढे करी आणि पोर तोंड फिरवी. मग कोणीतरी त्याला शीतमणी बनवून दिली. बापाने ती तोंडात धरली, पोराजवळ वाकला, आणि पोराने बापाचा गाल धरला. रणछोडभाईंनी गोष्ट संपल्यावर आम्हाला चहा पाजला आणि स्वतःच्या बारक्या मुलाचा फोनमधला फोटो दाखवला.

परत येताना स्कूटरवर मागे बसून मी ओरडलो, "साहेब, यातली खरी कोणती?"

"ज्या दुकानात उभा असशील तिथली."

"पण रिफायनरी नंतर आली! गोळी तिच्या आधीची आहे!"

"तुला कोणी विचारलं?"

"उद्या कोणी विचारलं तर?"

"लोकांना गोळी खायची असते रे खानदेश, परीक्षा द्यायची नसते."

मला रात्री झोप येईना असं म्हणणार नाही, दिवसभर पायपीट करून झोप उत्तम यायची. पण सकाळी उठल्यावर पहिली आठवण या तीन गोष्टींची होई. शाळेत भाषणात एक तारीख चुकली म्हणून माझं बक्षीस हुकलं होतं, ते मला आठवत होतं. आणि इथे एक पन्नाशी ओलांडलेला माणूस एकाच गोळीला तीनदा जन्माला घालत होता. एकदा मी भरतभाईंकडे असताना मनाशी धरून ठेवलं की आता आपण सांगायचं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "ही कंपनी फार जुनी आहे." भरतभाई म्हणाले, "हा. पछी?" त्या 'मग?'च्या पुढे मला काही सुचलं नाही. सुभेदार बाहेर येऊन म्हणाले, "वर्गशिक्षक दिसतोस तू."

माझ्या सहा महिन्यांतला पाचवा महिना संपत आला आणि कंपनीने खप सावरण्यासाठी शीतमणीची नवी पाकिटं काढली. चकचकीत, एकात सगळ्या जाती आणि वर एक नवी पानाच्या चवीची. पाकिटाच्या मागे छापील मजकूर होता: 'शीतमणीची कहाणी'. एका औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने उरलेल्या पेपरमिंटातून गंमत म्हणून पहिली गोळी केली, ती गिऱ्हाइकांना आवडली, पुढे कारखाना झाला. एवढंच. मी ते वाचून इतका हरखलो की पाकीट कपाळाला लावलं. छापील इतिहास! सुभेदारांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "उरलेल्यातून? उरलेल्यातून केलेली वस्तू लोकांच्या तोंडात घालणार हे?"

वरून निरोप असा होता की महिन्याभरात आपल्या भागातल्या प्रत्येक दुकानात नवं पाकीट समोर टांगलेलं दिसलं पाहिजे. नव्या पोरांचं पक्कं होणं त्यावर. मी उत्साहाने भरतभाईंकडे गेलो. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं, मागची बाजू वाचली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी खिसेकापू आहे.

"आमां तो कंपाउंडर लख्यो छे. फौजी क्यां गयो?"

"भरतभाई, खरी गोष्ट ही आहे."

"तो घोडो?"

"घोडा नव्हता."

"आ माल डुप्लिकेट छे, भाई. पाछो लई जा."

बाजारात तेव्हा नकली मालाची खरोखरच ओरड होती. शीतमणीच्या नावाने कोणी खडूच्या गोळ्या विकताना पकडला गेला होता. म्हणजे भरतभाईंना तरी काय म्हणणार? आपल्या मालाची ओळख त्यांना एकाच गोष्टीवरून होती, आणि ती गोष्ट पाकिटावर नव्हती. दांडिया बाजारात इंदूताईंनी चष्मा लावून पाकीट वाचलं, "यात आमचे बुवा नाहीत," म्हणाल्या आणि ते कापराच्या डब्यामागे ठेवून दिलं. कोयलीला तर रणछोडभाईंनी पाकीट हातातही घेतलं नाही. त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "अने छोकरो?" आणि माझ्यासाठी चहाही ओतला नाही.

सगळ्या भागात हीच कथा. ज्याला जी गोष्ट मिळाली होती, ती धरून तो बसला होता, आणि माझी पाकिटं बॅगेतून निघत नव्हती. मी सुभेदारांपुढे अक्षरशः हात जोडले. "साहेब, तुम्ही एकदा जाऊन सांगा की पाकिटावरची खरी. तुमचं ऐकतील."

त्यांना आनंद लपवता येत नव्हता! "बघितलंस? लोक गोष्टीवरून माल ओळखतात. शिक्का बघत नाहीत, बारकोड बघत नाहीत."

"साहेब, माझी नोकरी जाईल."

"जात नाही."

"बहिणीचं ॲडमिशन आहे."

त्यांनी खिशातून नळी काढली, एक गोळी तोंडात टाकली, आणि विषय संपला. त्यांच्याशी भांडण करणंही शक्य नसे. समोरचा गप्प बसला की भांडणार कोणाशी? मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून भिंतीला लाथ मारली. पायालाच लागलं.

मग अहमदाबादहून मॅनेजर मॅडम आल्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील, पण हुशार आणि कामाच्या पक्क्या. बडोद्यातच नवी पाकिटं का लागत नाहीत ते त्यांना स्वतः बघायचं होतं. पहिलं दुकान भरतभाईंचं. सुभेदारांनी रिवाजाप्रमाणे भरतभाईंना गोळी दिली, मला दिली, मॅडमना दिली. मॅडमनी आभार मानून ती पर्समध्ये टाकली. स्वतः सुभेदारांनी जुनी पांढरी तोंडात घातली आणि ते मौनात गेले.

मॅडमनी हिंदीत विचारलं, "नया पॅकेट क्यों नहीं लगाया?"

भरतभाईंनी तोंडातली गोळी गालात सरकवली. मॅडमसमोर ते नियम पाळू शकले नाहीत. म्हणाले, "मॅडम, वो डुप्लिकेट है. असली शीतमणी तो फौजी के लिए बनी थी."

"ये कहानी किसने बताई आपको?"

भरतभाईंनी सुभेदारांकडे पाहिलं. साहेब आल्यात, काही भानगड आहे, आणि काकांच्या निवृत्तीला आता थोडाच काळ उरला आहे, एवढं त्यांना कळलं. जुन्या मैत्रीला जागून त्यांनी बोट उचललं आणि माझ्याकडे केलं. "आ नवा भाईए."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ट्रायल पे हो ना तुम? कंपनी के बारे में झूठ फैला रहे हो? ये सिखाया है किसी ने?" भर रस्त्यावर, दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर. खरं सांगायचं तर सुभेदारांचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ज्या माणसाच्या घरी मी आठवड्यातून दोनदा जेवत होतो त्याच्याकडे बोट करायला माझा हात उठेना. मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी एक बोट वर केलं: थांब. तोंडातली गोळी अजून संपली नव्हती.

माझी नोकरी जात होती आणि हा माणूस गोळी चघळत होता! पाचही जातींत जुनी पांढरी सगळ्यांत सावकाश विरघळते, हे मला त्यांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलेलं होतं. मॅडम बोलत होत्या, मी खाली बघत होतो, भरतभाई गल्ल्यात नसलेली नाणी मोजत होते, आणि सुभेदार, मिश्या स्थिर, बोट वर. मला वाटलं, पकडावी यांची मान आणि द्यावी पाठीत एक, गोळी पडेल तरी बाहेर.

शेवटी त्यांचा गळा हलला. त्यांनी रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "मॅडम, कहानी मेरी है. इस लड़के की नहीं."

मॅडम थबकल्या.

"फतेगंजवाली भी मेरी, दांडिया बाजारवाली भी मेरी, और कोयलीवाली भी."

मी कपाळावर हात मारला. मॅडमना तोवर फक्त फतेगंजचीच ठाऊक होती.

"और भी हैं?" मॅडमनी विचारलं.

"सुनाऊँ?" असं म्हणून ते सुरूच झाले. मला वाचवून उणीपुरी दोन वाक्यं झाली नव्हती, तोच त्यांनी बापाची आणि तान्ह्या पोराची गोष्ट फतेगंजच्या रस्त्यावर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी मध्ये दोनदा "साहेब, पुरे" म्हणालो. मॅडमनी मला हाताने गप्प केलं. गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "अच्छी है. लेकिन झूठी है, सुभेदारजी."

"कंपाउंडरवाली सच्ची है?"

"कंपनी के रिकॉर्ड में है."

"तो सच्ची होगी," सुभेदारांनी लगेच मान्य केलं. "बस, उसमें किसी को गोळी चाहिए नहीं थी."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी निर्णय शांतपणे सांगितला. सुभेदारांनी माझ्याबरोबर शेवटचा एकदा सगळा भाग फिरायचा आणि प्रत्येक दुकानात नवं पाकीट लावून द्यायचं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ऑफिसात बसायचं. बाजारात जायचं नाही. सुभेदार म्हणाले, "हुकूम." आणि त्या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की सेल्समनला दुकानं बंद करणं म्हणजे काय.

परत स्कूटरवर मी विचारलं, "गोळी मोडून लगेच बोलता आलं नसतं का?"

"घाईत बोललो असतो तर तुला वाचवायला खोटं बोलतोय असं वाटलं असतं बाईंना. माणूस खोटं नेहमी घाईत बोलतो."

"तुम्ही तर सावकाश बोलता!"

"म्हणून तर चाललं ना इतकी वर्षं."

तो शेवटचा फेरा मी विसरणार नाही. पाकिटं लागली, सगळी लागली. भरतभाईंना ते म्हणाले, "टांग भरत. गोळी तीच आहे, गोष्ट बदलली." इंदूताईंनी कापराच्या डब्यामागून पाकीट काढलं आणि "बुवांचं काय मग?" असं विचारलं. सुभेदार म्हणाले, "बुवा थकले, ताई." कोयलीला मात्र अवघड गेलं. रणछोडभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "में तो मारा छोकराने पण आ ज वात कही छे, काका." आपल्या मुलालाही त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती, स्वतःच्या बापाची म्हणून. सुभेदारांच्या तोंडात गोळी नव्हती आणि तरी ते गप्प होते. रणछोडभाईंनी पाकीट घेतलं, टपरीच्या खिळ्याला अडकवलं, छापील बाजू आत करून. चहा दिला. तो आम्ही उभ्याने प्यायलो.

ऑफिसातल्या सुभेदारांनी लोकांना आणखी वैताग दिला. गोदामात आलेल्या प्रत्येक टेम्पोवाल्याला ते गोळी देऊन उभं करत, आणि रस्त्यावर हॉर्न वाजत राहत. पुढे निवृत्त झाले. गेल्या वर्षी गेले. काकू म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा त्यांनी डबीतली बिनसाखरेची तोंडात घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "सर्दी."

पण माझ्या मनात त्यांचे जे शब्द राहिले आहेत ते त्याआधीचे, मी पक्का झालो त्या संध्याकाळचे. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला होता. मी पेढे घेऊन दांडिया बाजारात गेलो. पेढा तोंडात टाकून त्यांनी फर्मावलं, "वडिलांना फोन लाव. मी बोलतो."

माझे वडील साहेब माणसाशी फोनवर कधी बोललेले नव्हते, आणि हा साहेब काय काय सांगेल याचा नेम नव्हता. माझ्यासाठीही एखादा घोडा निघायचा. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन हिसकावून स्पीकर लावला होता. "नमस्कार! मी बडोद्याहून सुभेदार बोलतो. तुमच्या मुलाने सगळा बाजार जिंकला, हो! फतेगंजपासून कोयलीपर्यंत!" मी डोळे मिटून घेतले. आता हे साक्रीभर होणार. परवा एस.टी. स्टँडवर उतरलो की पानवाला विचारणार, बाजार कसा जिंकलास?

पलीकडे यार्डातला गलका ऐकू येत होता. वडिलांनी घसा साफ करून एवढंच विचारलं, "साहेब, पोऱ्या खोटं तर बोलत नाही ना कोणाशी?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मिशीवरून एकदा हात फिरवला. नंतर त्यांचा आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, दुकानातला नव्हे, अगदी घरातला.

"नाही हो," ते म्हणाले. "त्याला ते जमतच नाही. मी फार प्रयत्न केला."